बेडूकमाशाचे मुख आणि गावतळ्याचे आरोग्य

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या संयुक्त शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या शिबिरात जलसंधारण, पाणीपुरवठा, गाळ काढणे अशा विषयांवर आपण विचारविनिमय केला. त्यानंतर बेडकाच्या पिलाचे तोंड हा विषय व्याख्यानासाठी निवडला, याचे कोणास नवल वाटले तर ते रास्तच आहे. परंतु ज्या तळ्यांविषयी आपण बोललो, त्या तळ्यांत मृग नक्षत्रापासून पुढचे तीन महिने जे हजारो जीव पाणी आत ओढून गाळत असतात, त्यांची आपण कधी दखल घेत नाही. तळ्यात पाणी किती आहे हे आपण मोजतो. त्या पाण्यात काय चालले आहे, हे मात्र पाहावयाचे राहून जाते. म्हणून हा विषय.

बेडकाच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या शेपटीवाल्या पिलास आपल्याकडे बेडूकमासा म्हणतात. प्राणिशास्त्राच्या परिभाषेत त्याला भैकेर, तर इंग्रजी पुस्तकांत टॅडपोल असे नाव आहे. तो मासा नव्हे, हे आपण सर्वजण जाणता. तो बेडकाचा डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतील रूप होय. प्रौढ बेडूक हा शिकारी आहे. जीभ बाहेर टाकून तो कीटक टिपतो आणि अखंड गिळतो. त्याच्या पिलाचा धर्म मात्र अगदी निराळा आहे. बहुतेक बेडूकमासे शेवाळ, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे कण यांवर वाढतात. एकाच प्राण्याच्या आयुष्यात दोन इतके भिन्न आहार असावेत, याचा अर्थच असा की त्याला दोन भिन्न तोंडे असली पाहिजेत. त्यांतील पहिले तोंड आज आपण आतून पाहावयाचे आहे.

प्रथम बाहेरून आरंभ करू. साध्या भिंगातून पाहिले तर तळ्यातील सामान्य बेडूकमाशाच्या तोंडाभोवती मऊ ओठांची चकती दिसते. तिच्या कडेला बारीक मांसल अंकुर असतात. चकतीवर काळसर रेषा आडव्या ओढल्यासारख्या दिसतात. त्या रेषा म्हणजे सूक्ष्म दातांच्या रांगा होत. हे दात हाडाचे नसून आपली नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात त्या केराटिनचे असतात. झिजले की खालून नवे वर येतात. मध्यभागी त्याच द्रव्याची, पोपटाच्या चोचीसारखी काळी चोच असते. दातांच्या रांगांनी ओठ दगडाला किंवा पानाला घट्ट धरावयाचे, आणि चोचीने शेवाळाचा थर खरवडावयाचा, अशी ही कामाची वाटणी आहे. वरच्या ओठावर किती रांगा व खालच्या ओठावर किती, यावरून जाती ओळखण्यास साहाय्य होते. आपल्या अंगणात येणाऱ्या सामान्य भेकाच्या काळ्या पिलांत वर दोन व खाली तीन रांगा असतात. हे सूत्र शाळेतील विद्यार्थ्यासही भिंगाच्या साहाय्याने पडताळता येते.

येथवरचा भाग बाहेरून दिसतो आणि तो पुष्कळ काळापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच दक्षिण भारतातील बेडूकमाशांची वर्णने प्रसिद्ध केली होती. १९३२ साली निघालेल्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक ते हेच. परंतु ओठांच्या मागे, तोंडाच्या आत काय आहे, याचे पद्धतशीर वर्णन होण्यास बराच काळ जावा लागला. कारण उघड आहे. ही पोकळी अवघ्या काही मिलिमीटरांची असते. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक छेद देऊन तळ आणि छत वेगळे करावे लागतात, जणू एखादी डबी उघडावी त्याप्रमाणे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड वासरसग यांनी १९७६ साली या आतील भागांची परिभाषा निश्चित केली, आणि १९८० साली आठ कुलांतील बेडूकमाशांच्या मुखांतर्भागाचे तौलनिक वर्णन प्रसिद्ध केले. पुढे क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे त्या पोकळीतील एकेक अंकुर स्वच्छ दिसू लागला.

आता ती डबी उघडून पाहू. खालचा भाग म्हणजे मुखगुहेचा तळ. ओठांच्या लगेच मागे काही अंकुर उभे असतात. आत येणाऱ्या पाण्याचे ते जणू द्वारपाल होत. त्यांच्या मागे जिभेचा उंचवटा असतो. प्रौढ बेडकाच्या लांब, चिकट जिभेचे हे केवळ बीज असून त्यावरही बहुधा दोनचार अंकुर असतात. त्याच्या मागे मोकळे अंगण लागते. या अंगणाच्या दोन्ही कडांना अंकुरांच्या रांगा असतात व त्यांची टोके आतील बाजूस झुकलेली असतात. शेताच्या बांधावर काट्याकुट्यांचे कुंपण असावे, तशी ही रचना आहे. अंगणाच्या बाजूंस, किंचित पुढे, दोन खोलगट कप्पे असतात.

वरचा भाग म्हणजे मुखगुहेचे छत. त्यात पुढच्या बाजूस नाकपुड्यांची आतली दोन द्वारे उघडतात. त्यांच्यामागे मधोमध एक उभी कडा असते, आणि तिच्या मागे छतावरही अंकुरांनी वेढलेले तसेच अंगण असते. तळाचे अंकुर वर आणि छताचे अंकुर खाली, असे ते समोरासमोर येतात. छताच्या अगदी मागच्या भागात श्लेष्म स्रवणाऱ्या ग्रंथींचा पट्टा असतो.

मुखगुहा जेथे संपते आणि ग्रसनी सुरू होते, त्या उंबरठ्यावर एक मऊ, पातळ पडदा तळापासून मागे झुकलेला असतो. हा पडदा या सर्व यंत्रणेतील महत्त्वाचा भाग समजला पाहिजे, कारण तो एकाच वेळी झडपेचे आणि स्रावपिंडाचे काम करतो. त्याच्या खालच्या अंगास चिकट श्लेष्म स्रवणाऱ्या बारीक कडा असतात. पडद्याच्या मागे मध्यभागी फुप्फुसाकडे जाणारे कंठद्वार, आणि त्यापलीकडे ग्रसिकेचे मुख. पडद्याच्या खाली, दोन्ही बाजूंस, कल्ल्यांच्या कमानींवर बसविलेल्या गाळण्या असतात. प्रत्येक बाजूस अशा तीन खोलगट टोपल्या आढळतात. त्यांच्या भिंतींवर फांद्याफांद्यांच्या बारीक पट्ट्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की वरून पाहता पडवळाच्या मांडवावरील दाट वेलीची आठवण व्हावी.

ही झाली स्थिर रचना. ती चालते कशी, हे समजल्याशिवाय तिचे मर्म कळणार नाही. लोहाराचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. बेडूकमाशाचे तोंड हा तसाच भाता असून त्यात हवेऐवजी पाणी चालते. मुखगुहेच्या तळाखाली कंठिकेच्या कूर्चांचा एक आडवा सांगाडा असतो. त्याची बाहेरील टोके स्नायूंनी वर ओढली की तरफेप्रमाणे मधला भाग खाली जातो. तळ खाली गेला, पोकळी वाढली, आणि तोंडातून व नाकपुड्यांतून पाणी आत आले. मग दुसरे स्नायू आकुंचन पावून तळ वर उचलतात. तोंड मिटते, नाकपुड्यांच्या झडपा बंद होतात, आणि पाण्यास मागे पडद्यावरून ग्रसनीत जाण्यावाचून मार्ग उरत नाही. तेथून ते गाळण्यांतून पार होते, कल्ल्यांना प्राणवायू देते, आणि शरीराच्या डाव्या बाजूस असलेल्या एका लहान छिद्रावाटे बाहेर पडते. पुढच्या वेळी तळ खाली गेला तरी मागचे पाणी परत येत नाही, कारण वाटेवर पडदा आहे.

या एकाच प्रवाहावर श्वसन आणि आहार अशी दोन कामे होतात, ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पाण्याबरोबर आलेल्या मोठ्या कणांना मुखगुहेतील अंकुर अडवितात आणि मधल्या मार्गाने ग्रसिकेकडे वळवितात. लहान कण अंकुरांच्या मधून निसटून पडद्यापर्यंत येतात, आणि तेथे श्लेष्मात अडकतात. गव्हाचे पीठ चाळताना कोंडा चाळणीच्या जाळीवर राहतो, तो भोकापेक्षा मोठा असल्यामुळे. येथे मात्र जाळीच्या भोकापेक्षा बारीक असलेला कणही सुटत नाही, कारण तो चिकटतो. म्हणूनच एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म कण बेडूकमासे पाण्यातून वेगळे करू शकतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. श्लेष्माचे हे अन्नयुक्त धागे पुढे सूक्ष्म केसलांच्या हालचालीने एका पन्हळीतून ग्रसिकेत नेले जातात. पाण्यात अन्नकण फार झाले तर पिलू पाणी ओढण्याचा वेग कमी करते. गाळणीवर भार किती घ्यावयाचा, याचे नियमन त्याच्यापाशी आहे.

एकाच तळ्यात राहणाऱ्या निरनिराळ्या जातींनी या एका नकाशात किती फरक केले आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरेल. सामान्य भेकाची काळी पिले तळाशी व काठाशी थव्याने फिरतात आणि शेवाळ खरवडतात. त्यांच्यात वर सांगितलेली चोच, दात, अंकुर आणि गाळणी ही सर्व अंगे आढळतात. त्याच पाण्यात मधल्या थरात जवळजवळ काचेसारखी पारदर्शक पिले स्थिर तरंगताना दिसतात. ती मायक्रोहायला या वंशातील चिमुकल्या बेडकांची. त्यांना चोच नाही आणि दातही नाहीत. खरवडावयाचेच नसल्यामुळे त्यांची गरज नाही. तोंड थेट पुढच्या टोकाशी आहे, पाणी बाहेर टाकणारे छिद्र डावीकडे नसून पोटाखाली मध्यरेषेवर आहे, आणि ग्रसनीतील गाळण्या शरीराच्या मानाने मोठ्या व अतिशय दाट आहेत. निव्वळ पाणी गाळून जगणारा हा जीव आहे. ग्रेस ऑर्टन यांनी १९५३ साली जगातील बेडूकमाशांचे जे चार प्रमुख प्रकार पाडले, त्यांत या चोचहीन पिलांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाच्या मोठ्या बेडकाचे. पहिल्या पावसात ज्याचा नर पिवळाधमक होऊन रात्रभर डरावतो, तो हा. राना टायग्रिना या जुन्या नावाने महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांना तो ठाऊक होता. आज त्यास होप्लोबॅट्रॅकस टायजेरिनस म्हणतात. त्याची पिले मांसाहारी आहेत. चोच मजबूत व धारदार असते, आणि ती डासांच्या अळ्या, इतर बेडकांची पिले, प्रसंगी आपल्याच भावंडांनाही खातात. अशा शिकारी पिलांत पाणी गाळण्याची यंत्रणा दुय्यम ठरते. म्हणजे एका तळ्यात खरवडणारे, गाळणारे आणि शिकार करणारे असे तिघे नांदतात. कोण कोठे बसले आहे हे त्यांच्या तोंडावरून सांगता येते, आणि तिघेही सापडले तर त्या तळ्यात तिघांचे अन्न आहे असा अर्थ होतो.

पुढे हे तोंड टिकत नाही. डिंभावस्थेच्या टप्प्यांची जी सारणी गॉस्नर यांनी १९६० साली मांडली, तीत एकूण ४६ टप्पे आहेत. त्यांतील ४२ व्या टप्प्याला पुढचे पाय बाहेर येतात, आणि त्याच सुमारास चोच व दात गळून पडतात. तोंडाची फट रुंदावत डोळ्यांच्या मागे जाते, गाळण्या विरघळतात, जीभ वाढते, आणि घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घातलेले लांब आतडे आखूड होते. या दिवसांत पिलू काही खात नाही. शेपटीतील द्रव्यावर त्याचा निर्वाह होतो. या सर्व बदलांचे सूत्र अवटू ग्रंथीच्या स्रावाकडे असते. गुडरनाच यांनी १९१२ साली बेडूकमाशांना अवटू ग्रंथीचे खाद्य देऊन अकाली रूपांतरण घडवून आणले, तेव्हा हे प्रथम उघडकीस आले.

आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ. प्रशासनात व पंचायतीत काम करणाऱ्यांनी याची माहिती का ठेवावी?

पहिले कारण असे की ही पिले तळ्याच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेतात. अमेरिकेतील एका तळ्यावर डायान सील यांनी केलेल्या व १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बेडूकमाशांमुळे पाण्यात तरंगणारे शेवाळ आणि नत्र यांचे प्रमाण घटते, असे आढळले. पिले बेडूक होऊन जमिनीवर गेली की पाण्यातून घेतलेला अन्नांश ती बरोबर घेऊन जातात. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. बेडूकमासे असलेले पाणी पिण्यास योग्य असते, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण हे वेगळेच कर्तव्य आहे व ते टाळता येणार नाही.

दुसरे कारण असे की जो प्राणी रात्रंदिवस पाणी तोंडातून फिरवितो, त्याच्या तोंडावर पाण्यातील दोष उमटतात. दगडी कोळशाची राख सोडलेल्या पाण्यातील बेडूकमाशांच्या दातांच्या रांगा तुटक अथवा नाहीशा झालेल्या असतात आणि त्यांना शेवाळ नीट खरवडता येत नाही, असे अमेरिकेतील अभ्यासकांनी १९९६ साली दाखवून दिले. पोट भरत नाही म्हणून वाढ खुंटते. वाढ खुंटते म्हणून तळे आटण्यापूर्वी रूपांतरण होत नाही. आपल्याकडील पावसाळी डबक्यांत हा कालावधी मुळातच थोडा असतो, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरे कारण रोगाचे. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी १९९९ साली शास्त्रीय नावाने नोंदली गेली. जगात अनेक ठिकाणी बेडकांच्या जाती नष्ट होण्यास ती कारणीभूत ठरली आहे. ही बुरशी केराटिनवर वाढते. बेडूकमाशाच्या अंगावर केराटिन असते ते केवळ तोंडाशी. त्यामुळे ती प्रथम तेथेच बसते, आणि पिलाचे बेडकात रूपांतर झाले की सर्वांगावर पसरते. उत्तर सह्याद्रीतील बेडकांत तिचा संसर्ग असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद झाले आहे. चोचीचा रंग उडालेला किंवा दातांच्या रांगा नाहीशा झालेल्या दिसणे, ही म्हणूनच दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. मात्र केवळ तेवढ्यावरून रोगाचे निदानही करू नये. थंडीनेही दात गळतात. अशा वेळी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागास कळविणे हा योग्य मार्ग होय.

करावयाचे काय, हे आता थोडक्यात सांगतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पावसाळ्यात एक दिवस वर्ग तळ्यावर न्यावा. उथळ पांढऱ्या ताटलीत तळ्याचेच पाणी घेऊन दोनचार पिले भिंगाखाली पाहावी, चित्रे काढावी, दातांच्या रांगा मोजाव्या, आणि पिले जेथून घेतली तेथेच सोडावी. एका तळ्यातील पिले दुसऱ्या तळ्यात सोडू नयेत. रोग पसरतो तो असाच. पिलांना मारण्याची वा कापण्याची काहीच आवश्यकता नाही. पंपाचा आवाज ऐकून इंजिनाची प्रकृती सांगणारी मुले आपल्या गावांत आहेत. त्यांना बेडूकमाशाच्या तोंडाचा हा जिवंत पंप समजावयास वेळ लागणार नाही.

पंचायतींनी तळ्यातील गाळ मे अखेरपर्यंत काढून संपवावा, पावसाला आरंभ झाल्यावर त्यास हात लावू नये. खोदताना निदान एका बाजूस काठ उतरता ठेवावा, म्हणजे पाय फुटलेल्या पिलास बाहेर पडता येईल. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यांतही एखादी दोरीची जाळी सोडल्यास तो हेतू साधतो. फवारणीचे पंप व औषधांचे डबे तळ्यात धुण्यास ग्रामसभेने मनाई करावी. डासांच्या बंदोबस्तासाठी सोडावयाच्या माशांबाबतही तारतम्य हवे. १९२८ साली आपल्या देशात आणलेला गंबुसिया मासा डासांच्या अळ्या खातो, हे खरे. परंतु तो बेडकांची अंडी व पिलेही खातो. बंदिस्त टाक्या व हौद ही त्याची जागा असावी. पावसाळ्यात भरणारी नैसर्गिक तळी व डबकी नव्हे. अळ्या खाणारी मोठ्या बेडकाची पिले तेथे आधीच कामास लागलेली असतात.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. त्या नोंदवहीत गावातील प्रत्येक तळ्यास एक पान द्यावे. पाणी केव्हा भरले, अंडी केव्हा दिसली, खरवडणारी, गाळणारी आणि शिकारी अशी कोणती पिले आढळली, तोंडे निकोप होती काय, पहिला लहान बेडूक काठावर केव्हा आला, एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. त्यास निधी लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. दरवर्षी त्याच पानावर ओळ वाढत गेली, की आपल्या तळ्याचे काय चालले आहे याचे उत्तर गावाच्या दप्तरातच मिळेल. येत्या पावसाळ्यात या पानाचा आरंभ आपापल्या गावी व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.